गालिचा तागाचा की प्लास्टिकचा?

डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीनंतर पॉपकॉर्नवरील कराचा खुलासा प्रसिद्ध झाला आणि देशाला काही दिवस करमणुकीचे साधन मिळाले. मीठमसाला लावलेले सुटे पॉपकॉर्न असेल तर पाच टक्के, तेच छापील वेष्टनात बंद असेल तर बारा टक्के आणि साखरेच्या पाकात घोळलेले असेल तर अठरा टक्के, असा तो हिशेब होता. मक्याची लाही तीच; परंतु मीठ पडले की ती नमकीन ठरते आणि साखर पडली की साखरेची मिठाई. लोक हसले, व्यंगचित्रकारांनी हात धुऊन घेतले आणि पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांचा टप्पाच रद्द झाल्यावर तो विषय मागे पडला.

हसणे स्वाभाविक होते. पण त्या हशात एक महत्त्वाचा प्रश्न विरून गेला. एका पदार्थात दुसरा मिसळला म्हणजे तिसऱ्याचे नाव काय, हा प्रश्न खाण्याच्या जिनसांपुरता मर्यादित नाही. आधुनिक उद्योगधंद्यात शुद्ध एका द्रव्याची वस्तू आता अपवादानेच आढळते. रबरात कापड असते, कापडावर प्लास्टिक असते, पत्र्याला रबर चिकटवलेले असते, काचेच्या तंतूंवर राळ ओतलेली असते. अशी वस्तू बंदरात उतरली म्हणजे तिच्यावर किती सीमाशुल्क घ्यावयाचे, हे ठरण्यापूर्वी ती कोण आहे हे ठरावे लागते. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण सारे दरांची चर्चा करतो. तो दर कोणत्या वस्तूला लागणार, हे मात्र त्या दिवशी कोणी विचारीत नाही. दर संसदेत ठरतो. नाव गोदीत ठरते. आणि करदात्याच्या दृष्टीने पाहिले तर पुष्कळदा नाव हेच दरापेक्षा मोठे असते.

जगाच्या वस्तूंची यादी

ही नावे ज्या यादीतून काढली जातात तिचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. ब्रिटिश राजवटीतील १९३४ च्या टॅरिफ कायद्यात वस्तूंची जी अनुसूची होती, ती गरजेप्रमाणे वाढत गेलेली होती. ज्या वस्तूला कोठेच जागा नाही, तिच्यासाठी शेवटी ८७ क्रमांकाची एक सर्वसमावेशक बाब होती. युरोपातील राष्ट्रांनी डिसेंबर १९५० मध्ये ब्रुसेल्स येथे करार करून एक शास्त्रशुद्ध नामावली तयार केली. तिच्याच धर्तीवर आपला १९७५ चा सीमाशुल्क टॅरिफ कायदा झाला आणि तो ऑगस्ट १९७६ पासून अमलात आला. पुढे १९८३ मध्ये जगाने अधिक तपशीलवार अशी 'सुसंवादी पद्धती' मान्य केली. ती जगभर १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. भारताने मात्र सीमाशुल्क आणि केंद्रीय अबकारी या दोहोंसाठी ती फेब्रुवारी १९८६ मध्येच स्वीकारली. २०१७ पासून वस्तू व सेवा करही याच यादीवर उभा आहे. छोट्या दुकानदाराच्या बिलावर जो 'एचएसएन' क्रमांक दिसतो, तो याच वंशावळीतला.

या यादीत एकवीस विभाग आणि सत्त्याण्णव प्रकरणे आहेत. त्यांतले सत्त्याहत्तरावे प्रकरण भावी उपयोगासाठी रिकामे ठेवले आहे. रचनेचे तत्त्व साधे आहे. निसर्गातून जसे मिळते तेथून आरंभ करावयाचा आणि माणसाच्या हाताने घडविलेल्या गुंतागुंतीच्या वस्तूंकडे जावयाचे. जनावरे, धान्ये, खनिजे, रसायने, प्लास्टिक, रबर, कातडे, लाकूड, कापड, धातू असे क्रमाने येत गेल्यावर चौऱ्याऐंशीव्या प्रकरणापासून यंत्रे, विद्युत उपकरणे आणि वाहने येतात. म्हणजे यादीचा पहिला मोठा भाग वस्तू कशाची आहे हे विचारतो आणि नंतरचा भाग ती कशासाठी आहे हे विचारतो. वस्तू एकाच द्रव्याची असेल तोवर हे दोन प्रश्न एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. वस्तू मिश्र झाली की दोन्ही प्रश्न एकाच वेळी दारात उभे राहतात.

कारखान्यातील अगदी क्षुल्लक वाटणारे उदाहरण घ्या. पंपाच्या दोन भागांमध्ये बसवावयाचा लोखंडी वायसर त्र्याहत्तराव्या प्रकरणात जातो, तांब्याचा वायसर चौऱ्याहत्तराव्यात, व्हल्कनाइज्ड रबराचा चाळिसाव्यात. पण धातूच्या पत्र्याला दुसरे द्रव्य जोडून केलेले गॅस्केट असेल तर ते एकदम चौऱ्याऐंशीव्या प्रकरणात, यंत्रांच्या पंक्तीत, जाऊन बसते. वेगवेगळ्या द्रव्यांची गॅस्केटे एका पाकिटात घालून इंजिनाचा संच म्हणून आली, तर तो संचही तेथेच. फिटरच्या दृष्टीने या साऱ्यांचे काम एकच: गळती थांबवणे. टॅरिफच्या दृष्टीने ही चार कुळे आहेत.

वजनाचा न्याय

मिश्र वस्तूंचा निवाडा कसा करावयाचा, याची पद्धत कायद्याने घालून दिलेली आहे. एखाद्या द्रव्याचा उल्लेख असेल तर त्यात त्या द्रव्याचे मिश्रणही आले, असे प्रथम गृहीत धरतात. त्यामुळे एकाच वस्तूवर दोन शीर्षके हक्क सांगू लागतात. मग तीन पायऱ्या. पहिली, अधिक नेमके वर्णन करणारे शीर्षक व्यापक वर्णनावर मात करते. दुसरी, तेवढ्याने भागले नाही तर ज्या द्रव्यामुळे किंवा घटकामुळे वस्तूला तिचे सारभूत स्वरूप येते, त्याचे नाव वस्तूला मिळते. तिसरी, तेही ठरवता आले नाही तर तुल्यबळ शीर्षकांपैकी क्रमाने शेवटी येणारे स्वीकारावयाचे. ही तिसरी पायरी म्हणजे जवळजवळ नाणेफेकच; फरक इतकाच की कौल आधीपासून ठाऊक असतो.

परंतु या पायऱ्या चढण्यापूर्वी विभागांच्या व प्रकरणांच्या टिपा पाहाव्या लागतात. आणि कायद्याने जेथे शहाणपणा दाखवला आहे तो या टिपांत. कापडाच्या विभागात वजनाचा न्याय आहे. दोन किंवा अधिक तंतूंचे कापड असेल तर ज्याचे वजन इतर कोणत्याही एका तंतूपेक्षा अधिक, त्याचे ते कापड. सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर आणि तेहतीस टक्के सूत असलेले टेरिकॉट हे नेसणाऱ्याला कितीही सुती वाटो, कायद्याने ते कृत्रिम तंतूंचेच. मात्र येथेही एक मेख आहे. चाळीस टक्के सूत, तीस टक्के अखंड पॉलिएस्टर धागा आणि तीस टक्के नायलॉनचा आखूड तंतू असे कापड घेतले, तर सर्वांत मोठा वाटा सुताचा दिसतो. पण मानवनिर्मित तंतूंची चोपन्न व पंचावन्न ही दोन प्रकरणे अशा वेळी एकच समजावीत, असे टीप सांगते. त्यांची बेरीज साठ होते आणि सूत हरते. विद्यार्थ्यांना हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले की त्यांना आघाडी सरकारांची आठवण होते, आणि ती अगदीच अस्थानी नसते.

अशाच काटेकोर रेषा इतरत्रही आखल्या आहेत. प्लास्टिकची पट्टी पाच मिलिमीटरपर्यंत रुंद असेल तर ती कापडाच्या विभागातला धागा. त्याहून रुंद असेल तर ते प्लास्टिक. साखरेची व सिमेंटची विणलेली पोती प्लास्टिकची की कापडाची, हा वाद आपल्याकडे उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रबर चढवलेल्या कापडाचे वजन चौरस मीटरला दीड किलोपर्यंत असेल तर ते कापड. त्याहून जड असेल तर निम्म्याहून अधिक वजन कापडाचे असल्याखेरीज त्याला कापड म्हणावयाचे नाही. प्लास्टिकचा लेप दिलेले कापड सात मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती, पंधरा ते तीस अंश तपमानात, हाताने वाकवून पाहावयाचे. तडकले तर साधारणतः ते प्लास्टिक समजले जाते.

या रेषांमध्ये तर्क शोधू गेल्यास निराशाच पदरी पडेल. कारखान्यात माल वाहून नेणारा पट्टा आत कापडाचा आणि वर रबराचा असेल, तर तो रबराच्या प्रकरणात जातो. तेच कापड आत ठेवून वर रबराऐवजी प्लास्टिक चढवले, आणि पट्टा तीन मिलिमीटर किंवा अधिक जाड असला, तर तो कापडाच्या विभागात जातो. एकदा आवरण जिंकते, एकदा अस्तर जिंकते. असे का, याचे समाधानकारक उत्तर देता येणार नाही. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याची फारशी आवश्यकताही नाही. सात मिलिमीटरची दांडी नागपूरला असते तशीच न्हावाशेव्यालाही असते. रेषा मनमानी असली तरी ती आधी आखलेली आहे, सर्वांना दिसते आणि माल मागवण्यापूर्वी कोणालाही तिच्याजवळ जाऊन आपले माप घेता येते. कररचनेत हा गुण लहान नव्हे.

साराचा शोध

खरी पंचाईत होते ती दुसऱ्या पायरीवर. सारभूत स्वरूप कशाने ठरवावे? द्रव्याच्या प्रकाराने, आकारमानाने, संख्येने, वजनाने, किमतीने किंवा वस्तूच्या उपयोगातील त्याच्या वाट्याने ठरवावे, असे या पद्धतीवरील अधिकृत स्पष्टीकरण सांगते. म्हणजे एकाऐवजी सहा तराजू हाती दिले, आणि कोणता केव्हा वापरावयाचा हे सांगितले नाही. गच्चीवरच्या ज्या टाकीला आपण नुसते 'फायबरची' म्हणतो, तिला बळकटी काचेच्या तंतूंची आणि आकार प्लास्टिक राळेचा असतो. तिचे सार कशात, हे सहा तराजूंवर सहा प्रकारे मांडता येईल. आणि ज्याला जो तराजू सोयीचा तो तो उचलेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर या स्वरूपाचे वाद गेली पन्नास वर्षे येत आहेत. सीमाशुल्क, अबकारी, विक्रीकर असे कायदे वेगवेगळे होते. प्रश्न मात्र एका जातीचा. १९७५ मध्ये डनलॉप कंपनीच्या खटल्यात टायरच्या दोऱ्यांना रबर घट्ट धरून राहावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका कृत्रिम चिकाचा प्रश्न होता. तो कच्चे रबर की किरकोळ वस्तूंच्या शेवटच्या बाबीतला, असा तो वाद. व्यापारात जे समजले जाते ते प्रमाण मानून न्यायालयाने त्याला रबर ठरवले. आणि ज्या वस्तूला यादीत आपले घर आहे तिला अनाथालयात धाडणे तत्त्वाला धरून नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. ते आजही वकिलांच्या तोंडी असतात. १९७८ मध्ये कागद गिरणीतील ओला कागद वाळवणाऱ्या जाड पट्ट्यांचा प्रश्न आला. माणूस ते अंगावर घालीत नाही, ते यंत्रात बसतात. तरीही विणलेले ते वस्त्रच, असा निकाल झाला. येथे उपयोग गौण ठरला.

पुढे ऐंशीच्या दशकात प्लास्टिकची विजेरी आली. अबकारी खात्याच्या मते ती 'प्लास्टिकची वस्तू' होती; न्यायालयाने म्हटले की तीत इतर द्रव्ये आणि विद्युत यंत्रणा आहे, म्हणून ती तशी नव्हे. १९८६ मध्ये आरशाचा खटला झाला. काचेला मागून लेप दिला की आरसा होतो. पण बाजारात आरसा मागणारा काच मागत नाही. प्रतिबिंब दाखवणे हे त्याचे काम, म्हणून तो 'काच व काचसामान' या बाबीत बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. येथे उपयोग प्रधान ठरला.

गालिच्यांचे दोन निकाल तर शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. २००९ मध्ये निकालात निघालेल्या चांपदानी इंडस्ट्रीजच्या खटल्यातील गालिच्याचा पृष्ठभाग पॉलिप्रॉपिलीनचा होता. डोळ्यांना दिसते ते, पायाला लागते ते, सारे प्लास्टिकजन्य तंतूंचे. वजनाने मात्र तागाचा वाटा सर्वांत मोठा. गालिच्याचे सार त्याच्या पृष्ठभागात असते, असा खात्याचा युक्तिवाद होता. आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो वेडगळ म्हणता येणार नाही. तथापि कापडाच्या विभागातील वजनाची टीप स्पष्ट असताना साराचा शोध घेण्याचे कारण नाही, अशी भूमिका ग्राह्य ठरली आणि गालिचा तागाचा झाला. दुसरा निकाल मे २०२० चा. मोटारीत अंथरावयाच्या चटयांना खाते मोटारीचे सुटे भाग म्हणत होते, उत्पादक गालिचा म्हणत होता. त्या चटया केवळ मोटारीसाठीच कापलेल्या असल्या तरी गालिच्याचे शीर्षक अधिक नेमके आहे, म्हणून त्या गालिचाच, असा निर्णय झाला.

हे सारे निकाल स्वतंत्रपणे वाचले तर पटतात, आणि प्रत्येक वेळी कायद्याचे शब्द निराळे होते हेही विसरता कामा नये. कसलेला वकील त्यांची एकमेकांशी संगतीही लावून दाखवील. परंतु पट्टा यंत्रात बसूनही वस्त्रच राहतो, चटई मोटारीत बसूनही गालिचाच राहते आणि काच मात्र भिंतीवर टांगली की काच राहत नाही, यांतून आपल्या नव्या मालाचे भवितव्य एखाद्या छोट्या कारखानदाराने आधीच कसे ओळखावे? यादीत नंतर यांपैकी बहुतेकांना स्वतःची घरे मिळाली: विजेरीला विद्युत उपकरणांत, कागद गिरणीच्या पट्ट्याला औद्योगिक कापडांत आणि आरशाला तर पुन्हा काचेच्याच प्रकरणात. जागतिक यादीत १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. पुढची २०२८ मध्ये व्हावयाची आहे. पण कारखाने त्यासाठी थांबत नाहीत. नवे मिश्रण आधी जन्माला येते, त्याचे नाव नंतर. आणि मधल्या काळात खटला असतो.

दोन टक्क्यांची किमया

वजनाच्या न्यायाची मी वर स्तुती केली. तिला एक पुरवणी जोडणे न्याय्य होईल. कारण रेषा स्पष्ट असली म्हणजे ती निर्दोष असते असे नव्हे. मौल्यवान धातूंच्या प्रकरणात अशी टीप आहे की, मिश्रधातूत वजनाने दोन टक्के किंवा अधिक प्लॅटिनम असेल तर तो प्लॅटिनमचा मिश्रधातू समजावा. म्हणजे शहाण्णव भाग सोने आणि चार भाग प्लॅटिनम यांचा गोळा सराफाच्या कसोटीवर सोने उतरतो आणि कायद्याच्या कसोटीवर प्लॅटिनम! या टिपेची रेषा लख्ख आहे, आणि दोन्ही धातूंवर सारखाच कर असेल तोवर तिच्यापासून कोणाला काही उपद्रवही नाही.

पण मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी झालेला आर्थिक करार अमलात आला आणि त्यात प्लॅटिनमला सोन्यापेक्षा अधिक सवलत मिळाली. तोवर अभ्यासकांच्या टिपणात पडून राहिलेल्या त्या दोन टक्क्यांना एकदम बाजारभाव आला. प्लॅटिनम मिश्रधातूच्या नावाखाली प्रामुख्याने सोनेच देशात येत असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये झळकल्या. त्या वर्षी जुलैमध्ये सोन्यावरील शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणले गेले. २०२५ मध्ये नव्व्याण्णव टक्के शुद्धतेच्या प्लॅटिनमसाठी वेगळी उपशीर्षके निर्माण करून कमी शुद्धतेच्या मिश्रधातूंच्या आयातीवर निर्बंध घालण्यात आले.

या प्रकरणाचा धडा असा की, दोष केवळ व्याख्येत नसतो. तो दोन दरांमधील अंतरात असतो. दोन शेजारच्या खोल्यांत सारखेच ऊन असेल तर मधली भिंत चार बोटे इकडे आहे की तिकडे, यावर कोणी भांडत नाही. एकीत सावली आणि दुसरीत वणवा असेल तर भिंतीच्या प्रत्येक विटेवर दावा लागतो. १९९१ पूर्वी आपल्याकडे काही वस्तूंवर तीनशे टक्क्यांहून अधिक सीमाशुल्क होते. त्या जुलैत कमाल दर दीडशे टक्क्यांवर आला आणि २००७ पर्यंत शेतीबाह्य मालासाठी सर्वसाधारण कमाल दर दहा टक्क्यांपर्यंत उतरला. वर्गीकरणाच्या वादाची धार बोथट करण्याचे जे काम टिपांनी आणि निकालांनी झाले नाही, त्यातले बरेचसे या उतरंडीने केले.

ओझे कोणाच्या खांद्यावर

तरीही प्रश्न उरला आहे, आणि तो लहान माणसाचा आहे. पूर्वी मालाचे वर्गीकरण अधिकारी करीत असे. एप्रिल २०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत आली. मालाचे नाव आयातदाराने स्वतः लिहावयाचे, त्याप्रमाणे कर भरावयाचा. विश्वासावर आधारलेली ही पद्धत तत्त्वतः स्वागतार्ह आहे. पण नाव चुकले असे खात्याला नंतर वाटले, तर साधारणतः दोन वर्षांपर्यंतची मागणी करता येते. आणि माहिती दडवली किंवा बुद्ध्या खोटे सांगितले असा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंतची. शिवाय व्याज आणि दंड वेगळे.

आता भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा उद्योजक डोळ्यांपुढे आणा. पत्र्याला रबर चिकटवलेला एक भाग तो बाहेरून मागवतो, आपल्या पंपात बसवतो आणि पंप विकून मोकळा होतो. चार वर्षांनी त्याला कळते की त्या भागाचे नाव दुसरेच होते. विकलेल्या पंपांच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन तो फरकाची रक्कम मागू शकत नाही. एकात्मिक वस्तू व सेवा कराची वजावट त्याला पुढे मिळू शकते. मूळ सीमाशुल्काची मिळत नाही, ते त्याच्या नफ्यातून जाते. मोठ्या कंपनीजवळ सल्लागार असतात, वकील असतात, सर्वोच्च न्यायालयापर्यंत थांबण्याची ताकद असते. या गृहस्थाजवळ हिशेबनीस असतो, आणि बँकेचा हप्ता असतो.

त्याच्यासाठी कायद्याने एक दार ठेवले आहे. माल मागवण्यापूर्वीच वर्गीकरण विचारून घेण्याची, म्हणजे अग्रिम निर्णयाची सोय आहे. जानेवारी २०२१ पासून त्यासाठी मुंबई आणि दिल्ली येथे सीमाशुल्क खात्याची प्राधिकरणे कामकाज पाहत आहेत. त्यांचा निर्णय, कायदा वा वस्तुस्थिती बदलली नाही तर, ठरावीक मुदतीपर्यंत खात्यावर बंधनकारक असतो. पण तो अर्जदारापुरताच. शेजारच्या शेडमधील दुसऱ्या उद्योजकाचा भाग हुबेहूब तोच असला तरी त्याला पुन्हा अर्ज करावा लागतो.

काय करता येईल

पहिली गोष्ट, दर आणखी जवळ आणणे. २०२५ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक मालावरील सीमाशुल्काचे सात दर काढून शून्यासह आठच ठेवल्याचे सांगण्यात आले, ते योग्य दिशेचे पाऊल होते. जरी काही बाबतींत अधिभाराने एकूण भार पूर्वीइतकाच राखला गेला. चिलीसारख्या देशाने २००३ पासून जवळजवळ सर्व आयातीवर सहा टक्क्यांचा एकच दर ठेवला आहे. एकच दर असेल तर गालिचा तागाचा की प्लास्टिकचा, हा प्रश्न आकडेवारी ठेवणाऱ्यापुरता उरतो. यावर असा आक्षेप येतो की, भारतासारख्या देशाला आपल्या उद्योगांना वेगवेगळ्या प्रमाणात संरक्षण द्यावे लागते. सर्वांना एकाच पट्टीने मोजणे हे धोरण नसून धोरणाचा अभाव आहे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पण संरक्षण द्यावयाचे तर ते अशा वस्तूंना द्यावे की ज्यांची सीमारेषा मोजता येते. ज्या भिंतीची जागाच निश्चित नाही तिच्या आडोशाला उद्योग वाढत नाहीत, सल्लागार वाढतात.

दुसरी गोष्ट, जेथे साराचा प्रश्न वारंवार येतो तेथे टिपांच्या धर्तीवर मोजमापाच्या रेषा आखणे. आंतरराष्ट्रीय यादीचे पहिले सहा अंक आपल्या हाती नाहीत. पण त्यापुढील दोन अंक आणि खात्याची परिपत्रके आपल्या हाती आहेत. तिसरी, अग्रिम निर्णय समान मालाच्या इतर आयातदारांनाही आधार म्हणून घेता येतील अशी तरतूद करणे. आणि चौथी, कदाचित सर्वांत महत्त्वाची: ज्याने मालाचे वर्णन, घटकद्रव्ये आणि बिले प्रामाणिकपणे मांडली, त्याने शीर्षक निराळे लिहिले एवढ्यावरून त्याच्यावर लपवाछपवीचा आरोप न ठेवणे. ज्या प्रश्नावर न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांचेही मतभेद होतात, त्या प्रश्नावर कारकुनाने निराळे मत दिले तर त्याला गुन्हा कसे म्हणावे? प्लॅटिनमचे मिश्रण मुद्दाम घडवणारा आणि गॅस्केटचे कूळ न ओळखणारा, यांच्यात भेद करण्याइतकी दृष्टी कायद्यापाशी असलीच पाहिजे.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली करांची जी चार तत्त्वे सांगितली त्यांतले दुसरे निश्चिततेचे. किती द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे आणि कसे द्यावयाचे, हे देणाऱ्याला व इतर प्रत्येकाला स्वच्छ कळले पाहिजे, असे तो म्हणतो. आणि करातील बरीच मोठी विषमतादेखील थोड्याशा अनिश्चिततेइतकी घातक नसते, असे त्याचे मत होते. आपण अर्थशास्त्राचे लोक पहिल्या तत्त्वावर, म्हणजे समतेवर, वर्गात तासन्‌तास बोलतो आणि दुसरे तत्त्व दोन ओळींत उरकतो. सात मिलिमीटरची दांडी हातात घेऊन बसलेला कारकून त्या दुसऱ्या तत्त्वाची राखण करीत असतो. त्याच्या दांडीला हसण्याचे कारण नाही. ती जेथे संपते आणि ज्याला त्याला आपले सार दिसू लागते, तेथे जपून पाऊल टाकले पाहिजे.